मी बसवलेली बेंबी

चहा आधी संपवा. माझ्या गाढवपणाची जी गोष्ट मी आता सांगणार आहे, ती ऐकून तुम्हाला कप माझ्या डोक्यात घालावासा वाटेल. निदान तो रिकामा तरी असू दे!

तर, मला बेंबी बसवता येते. येत होती. म्हणजे, मला तसं वाटत होतं.

गावाकडं, केंदूरला, आमचे वडील, आप्पा, बेंबी बसवायचे. जड उचललं, पोटात कळ आली, की माणूस म्हणणार बेंबी सरकली आणि आमच्या ओसरीवर येऊन आडवा होणार. आप्पा पोटाला तेल लावायचे, अंगठ्यानं बेंबीचा ठोका शोधायचे, त्यावर कणकेचा दिवा पेटवून तांब्या पालथा घालायचे. तांब्या पोटाला गच्च चिकटला की झाला माणूस बरा! आप्पा गेले तेव्हा तो तांब्या माझ्याकडे आला. त्याच्याबरोबर विद्याही आली, असं मी धरून चाललो.

मी कारेगावात राहतो, कंपनीत फिटर आहे. मशीनचा भाग हलला की परत जागेवर बसवायचा, हेच माझं काम. मग माणसाचं पोट ते काय अवघड? लोडिंगचे बिहारी कामगार खोलीवर यायचे. "चाचा, नाभि खिसक गई!" मी बसवायचो, ते उठून वडापाव खायचे. बघता बघता माझं नाव झालं.

अशात आमच्या संगीताच्या, म्हणजे बायकोच्या, पोटात दुखायला लागलं.

"अहो, हितं गोळा लागतोय हाताला. काल नव्हता."

बघतो तर खरंच! बेंबीच्या खाली, मुठीपेक्षा मोठा. मी चटई अंथरली, तिला आडवं केलं. तेल, दिवा, तांब्या. पंधरा मिनिटांत गोळा माझ्या हाताखालून सुळ्ळकन डावीकडं वर गेला, बरगडीखाली गडप झाला आणि दुखणं बंद!

आता तुम्हीच सांगा, कुणाच्या डोक्यात हवा जाणार नाही? आप्पांनी जन्मात कधी गोळा सरकवला नव्हता!

दोन वर्षांत हे सात-आठ वेळा झालं. दर वेळी ती म्हणायची, "एकदा सोनोग्राफी करू या का?"

"घरात इलाज असताना?"

"पन सारखी सारखी का सरकतीय?"

"तू हंडे उचलतेस म्हणून."

ती गप्प बसायची. त्या गप्प बसण्याला मी विश्वास समजायचो.

मग एका सुट्टीच्या सकाळी भाकरी थापता थापता ती परातीवरच वाकली. चेहरा पांढराफटक, घामानं डबडबलेली, उलट्या थांबेनात. गोळा खालीच होता, पण या वेळी हलेना. मी तांब्या लावला. पुन्हा लावला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबायला गेलो, तर ती किंचाळली, "हात लावू नका! तुमच्या पाया पडते, हात लावू नका!"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. ती माझ्यावर असं कधी ओरडली नव्हती. ती आता जाते, असं मला त्या क्षणी वाटलं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून शिरूरला नेलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. म्हणाल्या, "ही प्लीहा आहे."

प्लीहा म्हणजे जुनी माणसं पाणथरी म्हणतात ती. डाव्या बरगडीखाली असते. तिला धरून ठेवणारे बंधच हिच्या पोटात नव्हते, त्यामुळे ती देठासकट पोटभर फिरत होती. आता देठाला पीळ बसून तिचा रक्तपुरवठा तुटला होता. ताबडतोब ऑपरेशन!

"आणि पोटावर हे गोल वळ कसले? हा भाजल्याचा डाग? कोण करतंय हे?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "एक वैदू येतो."

"कुठला?"

शिरूरचा म्हणावं तर या ओळखत असतील. म्हटलं लांबचं गाव सांगावं. "दौंडचा."

नेमका त्याच वेळी मागून आवाज आला, "दौंडचा? मंग सापडला म्हनून समजा, दाजी!"

संगीताचा थोरला भाऊ, विलास! निरोप मिळताच पाटसहून आला होता. पाटस दौंड तालुक्यात, तो तिथल्या साखर कारखान्यात कामाला, आणि अख्खं दौंड त्याच्या ओळखीचं. आता बोला!

"दिसाया कसा हाय त्यो?"

मी बुटका, जाड, मिशीवाला. म्हणून म्हणालो, "उंच, वाळका, दाढीवाला."

आत बायकोचं पोट उघडलं होतं आणि बाहेर विलास माझ्या शेजारी बसून मलाच शोधत होता. फोनवर फोन! तासाभरात मोबाईल माझ्या नाकासमोर आला. व्हिडिओ कॉल. दौंड स्टेशनबाहेर चौघांनी एका म्हाताऱ्याची गचांडी धरली होती. उंच, वाळका, दाढीवाला.

"ह्योच ना? बोला दाजी, आत्ता हातपाय मोडत्यात त्याचे."

"सायेब, म्या कंगवं इकतो वो," म्हातारा रडत होता.

"हा नाही, विलास."

"नीट बघा की!"

"अरे हा नाही म्हणतोय ना! सोडा त्याला!"

मला रडू फुटलं. विलासनं माझी पाठ चोळली. "दाजी, तुमचं मन लई मऊ."

डॉक्टर बाई बाहेर आल्या. पाणथरी काळी पडली होती, काढून टाकावी लागली. आता लसी घ्यायच्या, आणि साधा ताप आला तरी दवाखान्यात पळायचं, जन्मभर.

"वेळेवर आणलं असतंत तर जाळीच्या पिशवीत घालून जागच्या जागी शिवली असती. वाचली असती ती."

"पण मॅडम, वैदूनं बेंबी बसवली की दुखायचं थांबायचं..."

"आडवं झाल्यावर ती आपोआप वर जात असणार. त्यात वैदूचं काय?"

म्हणजे दोन वर्षांत माझ्या हातून एकच उपयोगाची गोष्ट झाली होती. चटई अंथरणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगीता बोलायला लागली. विलास लगेच खुर्ची ओढून बसला. "संगे, त्या वैदूचं नाव तेवढं सांग."

"कंच्या वैदूचं?"

"दौंडच्या. दाजी म्हनले, त्यो घरी यायचा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी सलाईनच्या बाटलीकडं.

"त्याला शोधू नगं दादा," ती हळूच म्हणाली. "त्याची चूक त्याला कळलीय आता."

"असल्या मानसांना कवाच लाज येत न्हाई, संगे." मग विलास उठला, माझे दोन्ही हात हातात घेतले, त्याचे डोळे भरून आले होते. "दाजी, तुमी हुता म्हनून माझी भन वाचली."

आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "कर्तव्यच आहे माझं."