तिला नऊ, मला तीन

दुखण्याच्या ओपीडीत लोक हसतात, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. म्हणतात, कॅन्सरचे पेशंट, मॉर्फिनच्या गोळ्या, तिथे हसणं कसलं? पण एका जागी दहा वर्षं काढली की किस्से साठत जातात, कुणी न साठवता. माझ्याकडे तर ढीग झालाय. आणि त्या ढिगात एक गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. एकाही किश्श्याचा हिरो मी नाही!

मी इथला फार्मासिस्ट. आमचं शहर लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं. तिथल्या धामणकर नाक्यापासून दोन गल्ल्या आत आमचं छोटं पेन क्लिनिक आहे. डॉक्टर मॅडम तपासतात, औषध लिहितात. मी गोळ्या देतो, त्या कशा घ्यायच्या ते समजावतो. तिसऱ्या आमच्या नंदा सिस्टर. कागदावर बघाल तर ड्रेसिंग, घरभेटी आणि फोन एवढंच त्यांचं काम. प्रत्यक्षात सगळं श्रेय त्याच घेऊन जातात! फार्माकोलॉजीत डिस्टिंक्शन मला. त्या पडघ्याच्या बाजूच्या खेड्यातल्या, साधा नर्सिंगचा कोर्स केलेल्या. मी जळतो त्यांच्यावर. लपवायचं कशाला?

*

सलीमचाचांनी चाळीस वर्षं लूम चालवलेला. पहिल्याच दिवशी गोळी हातात धरून मला म्हणाले, "साहब, दर्द कमर में. गोली जाती पेट में. इसको रास्ता कौन दिखाता है?"

मी खूश! असा प्रश्न विचारणारा पेशंट वर्षातून एखादा भेटतो. कागद घेतला, मेंदू काढला, मणका काढला. म्हटलं, चाचा, मेंदूत आणि मणक्यात नसांच्या पेशींवर रिसेप्टर असतात. शरीर स्वतःच एक वेदनाशामक बनवतं, एंडॉर्फिन, त्याच्यासाठी ठेवलेल्या त्या जागा. मॉर्फिन रक्तातून येतं आणि त्याच जागांवर बसतं. मग दुखण्याचा निरोप वर जायचा कमी होतो. दहा मिनिटं बोललो. चाचा मान डोलवत होते.

सिस्टर बीपीचं मशीन घेऊन मागून चालल्या होत्या. न थांबताच म्हणाल्या, "चाचा, कमर फोन लगाती रहेगी, ऊपरवाला उठाएगा नहीं. बस."

चाचांचा चेहरा उजळला. "तो ये बोलो ना! ये साहब तो कब से मशीन खोलके बैठे हैं, जोडेंगे कब?"

*

एक निवृत्त हेडमास्तर होते. आता मॉर्फिनचं असं आहे, सुरुवातीला मळमळतं, गुंगी येते. काही दिवसांत मेंदूला सवय होते आणि हे दोन्ही त्रास बहुतेकांचे जातात. पण आतड्यांवरही तेच रिसेप्टर असतात, आणि त्यांना मात्र सवय जवळजवळ होतच नाही. म्हणून पोट साफ व्हायचं औषध रोज घ्यावंच लागतं. हे मी हेडमास्तरांना तीनदा सांगितलं. त्यांचं एकच उत्तर, "मी पहाटे पाचला उठणारा माणूस आहे. मला त्याची गरज नाही."

पुढच्या भेटीला सिस्टरांनी भरलेल्या वेटिंग रूममध्ये, या टोकापासून त्या टोकाला विचारलं, "सर, झाली का?"

"सिस्टर! माझे विद्यार्थी बसलेत इथे!"

"मग द्या की उत्तर. झाली का?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस खाली मान घालून म्हणाला, "पाच दिवस... नाही."

औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर. तोंडातून एकच शब्द, "झाली!" अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या! बॉक्स गेला सिस्टरांच्या हातात. मी एक पेढा उचलत म्हटलं, "सर, औषध मी दिलं होतं हां."

"दिलंत ना. पण तोंडी परीक्षा त्यांनी घेतली!"

*

पूर्णा गावच्या दामूकाकांची बायको एकदा तणतणत आली. काकांच्या मणक्यात गाठी होत्या, दुखणं भयंकर, गोळ्यांवर कसेबसे बसू लागले होते.

"आठ वाजले का गोळी मागतो! लग्नाचा दिवस चाळीस वर्षांत एकदा आठवला न्हाय, नि गोळीचा टाइम बरोबर ध्यानात! सवत आणली तुम्ही माझ्या घरात!"

मी काकूंना बसवलं. म्हटलं, औषध रोज मिळत राहिलं की पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेतात, उरलेले पहिल्यासारखे जोरात काम करत नाहीत. म्हणून तेवढ्याच आरामासाठी कधीकधी मात्रा वाढवावी लागते. ही सवय झाली, व्यसन नाही. काकूंनी सगळं नीट ऐकलं, आणि त्यातला एकच शब्द घरी नेला. सवय!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. काकांना घाम फुटलाय, नाक गळतंय, जुलाब होतायत, अंगावर काटा येतोय, एका जागी बसवत नाही. मी म्हटलं, "व्हायरल दिसतंय काकू. सध्या सगळीकडे आहे."

सिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "काकू, त्यांना जांभया येतात का हो?"

"सारख्या गो! जबडा दुखला त्याचा!"

"बरं. गोळ्या कुठं ठेवल्यात?"

पलीकडून बारीक आवाजात, "तांदळाच्या डब्यात."

मॅडमनी फोनवरच गोळी परत सुरू करायला लावली. संध्याकाळपर्यंत काका शांत झाले. सिस्टर स्वतः पूर्ण्याला जाऊन आल्या. काकूंना म्हणाल्या, "अंगाला सवय झाली म्हणून माणूस बेवडा होत न्हाय. बंद करायची वेळ आली तर आम्ही हळूहळू उतरवू. पण सवतीला असं एकदम हाकलायचं न्हाय, जाताना सगळी भांडी फोडते ती!"

काकू इतक्या हसल्या म्हणे, की काकाही हसले.

आणि मी? अचानक औषध तोडल्यावर होणाऱ्या त्रासांची यादी मला परीक्षेत आली होती. जांभया त्यात होत्या. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आणि मी म्हटलं व्हायरल!

*

एकदा मात्र माझाही दिवस आला. रफिकभाई रिक्षावाले. रेडिएशनचा शेक घेतल्यावर त्यांचं दुखणं पार उतरलं, म्हणून मॅडमनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. दोन महिन्यांनी सकाळी त्यांचा फोन. "दर्द फिर चालू हुआ. पुरानी गोलियां पडी हैं घर में. वही चार ले लेता हूं, जैसे पहले लेता था."

मेंदूला सवय होते तशी ती सुटतेही. जी मात्रा तेव्हा निभावली, तीच आता घेतली तर श्वास बंद पडू शकतो. मी ओरडलो, "एक भी नहीं! रखो नीचे! पहले इधर आओ!" अख्खं क्लिनिक माझ्याकडे बघायला लागलं. रफिकभाई तडक आले, मॅडमनी अगदी थोड्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बिर्याणीचा डबा आला. सिस्टरांसाठी! "सिस्टरने मेरी जान बचाई," असं रफिकभाई सगळ्यांना सांगत होते.

"अरे भाई, फोन पे मैं था!" मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आप थे? आवाज तो किसी लेडीज की थी!"

*

आता शेवटचा. हा मी कधी क्लिनिकमध्ये सांगत नाही.

आमचे अप्पा. आयुष्यभर लूम फिटर. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला आणि माझेच वडील आमच्या क्लिनिकचे पेशंट झाले. घरी गोळ्या मी देत होतो. आमच्याकडे दुखण्याला आकडा विचारतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. रोज सकाळी मी डायरी घेऊन बसायचो. "अप्पा, किती?"

"तीन."

तीन महिने तीन! मला केवढा अभिमान. सिस्टर दर बुधवारी घरभेटीला यायच्या, तेव्हा मी ड्युटीवर असायचो. मनात म्हणायचो, येऊ देत, या केसमध्ये त्यांना करायला काही ठेवलेलंच नाही मी.

एका गुरुवारी मॅडमच्या टेबलावर अप्पांची फाइल उघडी दिसली. सिस्टरांचं अक्षर. आदल्या दिवशीची तारीख. वेदना, नऊ. खाली मॅडमची सही आणि मात्रा वाढवायची सूचना.

मी डायरी घेऊन सिस्टरांसमोर उभा राहिलो. "हे काय आहे? काल सकाळी मला तीन सांगितलंय त्यांनी! तुम्ही काय पढवलंत त्यांना?"

सिस्टर चिडल्या नाहीत. "भाऊ, मी फक्त किती ते विचारलं. ते खिडकीकडे तोंड करून बोलले, नऊ."

मी घरी गेलो. चपला न काढताच विचारलं, "अप्पा, तिला नऊ आणि मला तीन?"

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "ती नर्स हाय."

"आणि मी कोण?"

"तू पोरगा हायस. पोराला कोण नऊ सांगतो?"

मी तिथेच त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी विचारलं, "गोळी वाढवली का संपत आलं, आसंच ना?"

रिसेप्टर, पेशी, सवय, सगळं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "नाही अप्पा. थोडी अंगाला सवय झालीय, थोडं हाडातलं दुखणं वाढलंय. वाढवली की झोप लागेल. एवढंच."

"बरा मग," अप्पा म्हणाले. "दे."

मात्रा वाढवली. पुढचे दिवस अप्पा जेवले, झोपले, शेजाऱ्यांशी भांडलेसुद्धा. बुधवारी सकाळी मी डायरी न घेताच विचारलं, "किती?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "च्यार."

तीन नाही, चार! हा आकडा खरा असेल का? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. घरभेट संपायची वेळ झाली तशी राहवेना. औषधांच्या कपाटाआड जाऊन सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, सहज विचारतोय. अप्पांनी आज तुम्हाला किती सांगितलं?"

सिस्टर हसायलाच लागल्या. "मला? मला कुठं काय सांगतात! म्हणाले, माझ्या पोराला विचार. आकडा त्याच्याकडं दिलाय."