टाइपरायटरवाले हवालदार

बिघडलेल्या टाइपरायटरपुढे हवालदार पहिली पाच-दहा मिनिटं हात मागे बांधून नुसते उभे राहत. कचेरीतल्या बाबूला वाटे, ह्या माणसाला काही येतच नाही. मग कोणीतरी म्हणेच, "हवालदार, खोला न बाप्पा, पाहून काय राह्यले?" हवालदार त्या बाबूलाच खुर्चीत बसायला सांगत. "तुमी चालवा. मी आयकतो." तो चार ओळी बडवी, हवालदार मान खाली घालून आवाज ऐकत, आणि त्यानंतरच त्यांची खाकी पिशवी उघडे.

हे हवालदार पोलिसातले नव्हेत. फौजेच्या कार्यशाळेत त्यांनी कितीतरी वर्षं टाइपरायटर आणि मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली होती. नोकरी संपल्यावर ते मंगरूळपीरला आले, बस स्टँडच्या मागे टिनाची एक खोली घेतली आणि तालुक्यातल्या कचेऱ्या, शाळा, टायपिंगचे क्लास इथल्या मशिनी दुरुस्त करू लागले. त्याच खोलीत त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा अकोला होता. वाशीम जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. मी शेलूबाजारजवळच्या खेड्यातला, बावीस वर्षांचा, इंटरला दोनदा आपटलेला. शेतात दोन भाऊ होते, तिसऱ्याला काम नव्हतं. म्हणून आलो.

पहिला महिना त्यांनी आम्हाला पेचकसाला हात लावू दिला नाही. आधी टायपिंग शिका म्हणाले. मी कुरकुरलो, "काका, आपल्याले मेकॅनिक व्हायचं आहे, बाबू नाही." ते म्हणाले, "ज्याले चालवता येत नाही त्यानं खोलू नये." झालं. मी महिनाभर मराठी मशीनवर बोटं झिजवली. माझ्याबरोबरचा धनजचा प्रल्हाद दहा दिवसांत पटापट टाइप करू लागला. माझं मात्र कायम असं होई की 'विनंती' लिहायला जावं आणि कागदावर भलतंच उमटावं. हवालदार कागद वाचून बाजूला ठेवत आणि दुसरा कोरा कागद देत. बोलत काही नसत.

बोलायचे ते माणसांशी कसं बोलावं ह्याबद्दल. कोणत्याही कचेरीत गेल्यावर "तुमी काय केलं?" असं विचारायची आम्हाला सक्त मनाई होती. विचारायचं ते "काय झालं?" एकदा मी चुकलो आणि एका शाळेच्या कारकुनाला म्हणून गेलो, "काय केलं हो तुमी हे?" कारकून तीनदा शपथ घेऊन म्हणाला की आपण मशीनला हातच लावला नाही. बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "काय केलं म्हटलं का मानूस खोटं बोलते. काय झालं म्हटलं का सांगते. तुले बिघाड पाह्यजे का गुन्हेगार पाह्यजे?" पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले. नागपूरच्या एका कंपनीत संगणक दुरुस्तीला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी बारा-तेरा वर्षं शिकवलं. पुस्तकातलं सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. मी त्यांना पहिल्या दिवशी हे एवढंच सांगत असे.

हवालदारांचा दुसरा पाठ फुटाण्याचा. एका कचेरीतले जाडजूड बाबू आम्हाला बोलावून म्हणाले, मशीनचा 'क' उठतच नाही, कंपनीच खराब आहे. हवालदारांनी मशीन उलटं केलं, चिमटा घातला आणि आतून काहीतरी काढून मुठीत धरलं. 'क' लगेच उठला. "काय होतं?" बाबूंनी विचारलं. "धूळ होती साहेब. तुमच्याकडे रस्त्याची धूळ लय येते." आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा त्यांनी मूठ उघडली. आत अख्खा फुटाणा होता, हळद लावलेला. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "काका, त्याच्या तोंडावर काहून नाही दाखवला?" ते म्हणाले, "दाखवला असता तं पुढच्या बारीले त्यानं आपल्याले बलावलं नसतं. सोताच सुईनं टोचत बसला असता. मशीन मेली असती." थोडं चालून गेल्यावर मात्र ते स्वतःच खुदकन हसले.

दुपारी खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे अशी त्यांची पद्धत होती. हवालदार बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा ते फौजेत होते. माझ्या घरून निघताना आईनं बजावलं होतं की डबा आपला आपण खा. पहिल्या दिवशी मी भूक नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशीही. हवालदारांनी आग्रह केला नाही आणि तोंडही वाकडं केलं नाही. माझा डबा ठेवायला वर्तमानपत्राचा एक कोपरा तेवढा मोकळा ठेवला. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या डब्यात मिरचीचा ठेचा आणि आंबाडीची भाजी होती. मी भाकरीचा तुकडा त्यात बुडवला. प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. हवालदारांनी पाहिलं नाही. "तिखट आहे, सांभाळून," एवढंच म्हणाले. त्या घरचं जेवण पुढे मी कित्येक वर्षं जेवलो. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. हे घरी सांगायला मात्र मला वर्ष लागलं, तेही लिहून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. तालुक्यातल्या एका कचेरीत, तिचं नाव नको, कुसुमबाई नावाच्या टायपिस्ट होत्या. तिशीच्या आतल्या, नवरा वारलेला, पदरात दोन लहान मुली. नोकरी हंगामी; दर काही महिन्यांनी हुकूम नवा होई. त्यांच्या मशीनची साफसफाई करायला हवालदारांनी मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं. टाइपरायटरच्या कॅरेजला, म्हणजे कागदाचा रोलर वाहून नेणाऱ्या गाडीला, एक बारीक पट्टा असतो. त्याचं दुसरं टोक आवळलेल्या स्प्रिंगला जोडलेलं असतं. तो सोडताना हातात घट्ट धरायचा, हे आम्हाला पन्नासदा सांगितलेलं. त्या दिवशी माझ्या हातून तो निसटला. स्प्रिंग सर्रकन उलगडली, पट्टा तुटला. कुसुमबाई तेव्हा डबा खायला गेल्या होत्या. मी स्प्रिंग कशीबशी आवळली, पट्टा जाड दोऱ्यानं बांधला, झाकण लावलं. चालवून पाहिलं, चाललं. बाई आल्या. "झालं काय भाऊ?" म्हणाल्या. "झालं," मी म्हणालो आणि निघालो.

खोलीवर हवालदारांनी विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, "एकदम चांगलं."

चार दिवसांनी मी गावाकडे जायला शेलूबाजारच्या जीपमध्ये बसलो होतो. शेजारी त्याच कचेरीतला शिपाई. तो आपणहून सांगू लागला. वरून तपासणीला साहेब येणार होते, त्यांच्यासाठी मोठा अहवाल टाइप व्हायचा होता, आणि ऐन वेळी मशीनचा पट्टा तुटला. "आमचा साहेब लय भडकला. म्हने बाईनं आदळआपट करून सरकारी मशीन मोडली. मेमो देल्ला. आता हुकूम संपला का घरी पाठवते तिले." मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "काय म्हनीन? रडत होती. म्हने मी काही नाही केलं. ते तं सगळेच म्हनतात."

जीप शेलूबाजारला थांबली. मी उतरलो आणि गावाकडे न जाता समोरून आलेल्या बसनं परत मंगरूळला आलो. शूर होतो म्हणून नव्हे. घरी जाऊन जेवण गेलं नसतं, म्हणून. वाटेत मी मनाशी ठरवलं की हवालदारांना सांगावं, ते त्या साहेबांशी बोलतील, मोठ्या माणसाचं ऐकतील.

हवालदार एकटेच होते. मी सगळं सांगितलं, दोऱ्यासकट. ते रोलर पुसत होते, तो पुसून पूर्ण झाला तेव्हा खाली ठेवला.

"मले काहून सांगून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"तुमी साहेबांशी बोलसान म्हणून."

"पट्टा कोनाच्या हातून सुटला?"

"माझ्या."

"मंग साहेबाले कोन सांगीन?"

मी म्हणालो, "काका, ते आपलं काम बंद करतील. त्या कचेरीच्या सात मशिनी आहेत."

"करतीन," हवालदार म्हणाले. "ते मी पाहतो. तू उद्या सकाळी जाय. अन् मी पाठवलं असं म्हनू नको. तसं म्हटलं का मंग ते माझं होईल, तुयं नाही राहनार."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्याबरोबर मी गेलो. कुसुमबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हातानं पत्रांच्या नकला करत होत्या. त्यांच्याकडे न बघता मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. साहेब परजिल्ह्यातले, तरुण होते. आधी त्यांना काही समजेना. समजलं तेव्हा उभे राहिले. "म्हणजे सरकारी मशीन मोडून दोऱ्यानं बांधून ठेवलंस? चार दिवस गप्प बसलास? पोलिसांत देऊ तुला?" सगळी कचेरी दारात जमली. "तुला पाठवलं कोणी?"

"कोणी नाही. मीच आलो."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. खाली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, टाचणी लावून फाइलमध्ये ठेवला आणि मला बाहेर व्हायला सांगितलं. दारात कुसुमबाई होत्या. त्या माझ्यावर संतापतील असं मला वाटलं होतं, आणि त्या संतापल्याच. "त्याच दिवशी सांगाले काय झाल्तं रे तुले? इतके दिस माह्या पोरी माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या." मी हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मेमो मागे घेतला गेला, बाईंचा हुकूमही पुढे चालू राहिला. हवालदारांनी नवा पट्टा स्वतः नेऊन बसवला, आणि त्याच दिवशी साहेबांनी त्यांना सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही. त्या कचेरीच्या सातही मशिनी अकोल्याच्या माणसाकडे गेल्या. त्याचं पाहून आणखी एका कचेरीनं हात आखडला. आमच्यातला तिसरा मुलगा, इथे आता काम कुठे आहे म्हणत, निघून गेला. हवालदार सायकलवर लांबच्या शाळांना जाऊ लागले, आसेगाव, कारंज्यापर्यंत. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. तिसऱ्याच दिवशी त्यांनी एका शाळेचं मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पट्टा सोड." मी सोडला, घट्ट धरून. "आता लाव." लावला. "जाय, देऊन ये." मी एकटाच गेलो.

त्यांनी मला पूर्ण तयार केलं. दोन वर्षांनी नागपूरच्या एका कंपनीत मेकॅनिकची जागा निघाली, मी निवडला गेलो. निघायच्या दिवशी हवालदार बस स्टँडवर आले. मावशीनं दशम्या बांधून दिल्या होत्या. "नागपुरात लोक तुले 'तुमी' म्हनतीन. हुरळू नको," ते म्हणाले. मी वाकलो तर त्यांनी मला मध्येच धरलं. बस सुटायला वेळ होता, पण त्यांना मानोरा रस्त्यावरच्या शाळेत वेळेवर पोचायचं होतं. ते सायकलवर बसले आणि गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र खिडकीतून बघत राहिलो.

नागपुरातल्या तिसऱ्या वर्षी प्रल्हादचं पोस्टकार्ड आलं. हवालदार छातीत दुखून गेले, दोन दिवसांत. कार्ड मला उशिरा मिळालं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपून पंधरा दिवस झाले होते. खोलीला कुलूप होतं. मी घरी गेलो. मावशीनं पाणी दिलं.

पाणी पिऊन मी म्हणालो, "मावशी, माझ्यामुळे काकांचं फार नुकसान झालं. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मनात काय होतं कोण जाणे."

मावशी म्हणाली, "तुले मालूम नाही काय? तू सायेबाकडे गेल्ता न, त्या रोजी तुया काका सकाळचा चहा न घेता तुया मांगं मांगं आल्ता. कचेरीच्या भिंतीच्या भाईर उभा होता. म्हने, पोलीस आले तं मी आत जातो, माह्यावर घेतो. तू भाईर आला, रस्त्याले लागला, मंगच तो घरी आला."

"मला कधी बोलले नाहीत."

"कायले बोलीन तो?" मावशी म्हणाली. "मलेही म्हने, पोराले सांगू नको. त्याले वाटू दे, एकटा गेल्ता म्हनून."