अंगचोर

खो-खोच्या मैदानावर सरांनी माझ्या ताईला चिकटवलेला हा शब्द. आजही कुणी तो उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही दोघी एकाच संघात होतो. पहाटे टेकडी, मग मैदानाला फेऱ्या, संध्याकाळी सराव, दोघींना अगदी तेच. दूध एकाच पातेल्यातलं, पोळ्या एकाच डब्यातल्या. पावसाळा सरता सरता मी न थांबता टेकडी चढायला लागले. ताईचा दम मात्र जिथल्या तिथे. वर पोचेपर्यंत तिचे ओठ पांढरे पडायचे.

"धाकटीकडे बघ," सर सगळ्यांसमोर म्हणायचे. "तिला जमतं आणि तुला नाही? अंगचोर आहेस तू."

म्हणजे माझं कौतुक ही ताईला मारायची छडी! संताप यायचा, पण सरांना उलटून बोलायची आमची टाप नव्हती.

अंगचोर म्हणे! ती माझ्याआधी उठायची. नडग्या ठणकायच्या म्हणून अंधारात तेल चोळत बसायची. आणि पाठलागाला सुटली, की पहिल्या दोन-चार पावलांत समोरची मुलगी बाद. तो वेग माझ्यात कधीच नव्हता. तिचं शरीर झटक्याचं होतं, लांब पळण्याचं नव्हतं. आम्हा पोरींना हे दिसत होतं. सरांकडे मात्र सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, आणखी फेऱ्या. फेऱ्या वाढल्या तशी ती मंदावली, आणि मंदावली म्हणून आणखी फेऱ्या. शेवटी राज्य स्पर्धेच्या संघातून तिला वगळलं. त्यानंतर ती कधी खेळली नाही. आता खराडीला नोकरी करते आणि तापातसुद्धा रजा टाकत नाही. "लोकांना वाटेल, टाळतेय," म्हणते.

गेल्या महिन्यात सरांचा सत्कार झाला. ताई स्वतःहून आली. सर कधीतरी तो शब्द मागे घेतील, ही आशा तिने इतकी वर्षं सोडली नव्हती.

माइकवर सर म्हणाले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. जो व्यायाम एकाला घडवतो, तोच दुसऱ्याला मोडतो. प्रशिक्षकाला हे कळलं पाहिजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

चहाच्या वेळी आम्ही नमस्कार करायला गेलो. सरांनी तिला लगेच ओळखलं. "काय गं अंगचोर! थोडी जिद्द धरली असतीस, तर आज कुठल्या कुठे असतीस."

माझा तोल सुटला. "सर, आत्ता स्टेजवर जे बोललात, ते एकदा हिच्याकडे बघून म्हणा."

सर हसले. बटाटेवडा चटणीत बुडवत म्हणाले, "अगं, ते भाषण होतं."

ताईने चहाचा कप टेबलावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने सरांच्या डोळ्याला डोळा दिला.

"आणि मला रोज म्हणायचात, ते काय होतं, सर?"

सर कुणी हाक मारतंय का ते बघायला लागले. कुणीच मारत नव्हतं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.