सगळ्यांनी उल्लेखलेल्या बाई

आमच्या बाई आपल्या लेखात कुणाचा संदर्भ द्यायच्या आधी त्या माणसाला फोन करायच्या. माणूस हयात असेल आणि नंबर मिळत असेल, तर फोन ठरलेलाच. "तुम्ही असं असं लिहिलंय, मला त्याचा अर्थ असा लागला, बरोबर आहे ना?" एवढंच विचारायचं असायचं. समोरचा आधी दचकायचा, कारण विद्यापीठातल्या माणसाला त्याच्या लेखाबद्दल फोन येतो तो बहुधा भांडायलाच. न्यूझीलंडमधले एक निवृत्त प्राध्यापक मात्र इतके खूश झाले, की त्यांनी आपल्या लिंबाच्या झाडावर कसली कीड पडलीय तेही बाईंना सविस्तर सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग संदर्भ दिला.

मेलबर्नच्या ज्या विद्यापीठात त्या समाजकार्य शिकवायच्या, तिथे झाडून सगळे त्यांना नावाने हाक मारत, पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. मी पुण्याला बालवाडीत शिकवत होते. शिकवते ती बाई, हे अंगात मुरलेलं. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, पुन्हा शिकले आणि त्यांची संशोधन सहायक झाले. पहिल्याच दिवशी तोंडातून 'बाई' गेलं. त्या मूळच्या नागपूरच्या. हसून म्हणाल्या, "बरं वाटलं बाप्पा. इथं तर जो तो मला मेट म्हणून राहिला." फोन कुणाचाही असो, त्या 'जय भीम' म्हणूनच उचलायच्या. आमचे डीनसुद्धा शेवटी शेवटी उलट जय भीम म्हणायला शिकले होते.

न वाचता संदर्भ देणाऱ्यांवर बाईंचा भारी राग. "हे म्हणजे लग्नाला न जाता पंगतीचं वर्णन करणं," असं त्या म्हणायच्या. कुणा विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या लेखातला संदर्भ उचलून आपल्या लेखात टाकलेला दिसला, की त्याला समोर बसवून विचारायच्या, "तू जेवलास, की जेवून आलेल्याला विचारून आलास?" इंग्रजीतही त्या हेच विचारत. ऑस्ट्रेलियन पोरांना कळत काही नसे, पण ती जाऊन मूळ लेख वाचून येत.

त्यांचा गाजलेला लेख मेलबर्नच्याच ट्रुगानिना उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेतल्या गटावर होता. दर बुधवारी सकाळी शाळेच्या एका रिकाम्या खोलीत नुकत्याच या देशात आलेल्या आया आणि आज्या लहान पोरांना घेऊन जमायच्या. खेळणी, चहा आणि सगळ्यांची चौकशी करणारी एक समाजसेविका, एवढाच तो थाट. बाई वर्षभर तिथे जात होत्या. गुडघे कुरकुरायचे तरी सतरंजीवर बसायच्या. मी एकदा खुर्ची आणून दिली तर म्हणाल्या, "खुर्चीवर बसलं की बायका उत्तरं देतात. खाली बसलं की बोलतात." रेकॉर्डर पर्समध्येच राहायचा. कुणाचं पोर मांडीवर, कुणाच्या डब्यातली शंकरपाळी हातात, असं त्यांचं संशोधन चालायचं.

त्यात त्यांना दिसलं ते असं. आलेली बाई साधारण वर्षभराने गटात यायची बंद होते. कारण एव्हाना ती गाडी चालवायला शिकलेली असते, तिला नोकरी लागलेली असते, गटातल्याच मैत्रिणी तिच्या घरी येऊ लागलेल्या असतात. गट सोडून जाता येणं हेच गटाचं यश, आणि म्हणूनच मागून येणाऱ्यांसाठी तो चालू राहिला पाहिजे, असं बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. पण ते लेखाच्या शेवटी. सुरुवातीच्या सारांशात, म्हणजे ॲबस्ट्रॅक्टमध्ये, पहिलं वाक्य होतं, की अशा गटांची उपस्थिती वर्षभरात ओसरते.

कुणीतरी फक्त ते वाक्य वाचलं आणि लिहिलं, की अशा गटांची गरज तात्पुरती असते, आणि पुढे बाईंचं नाव टाकलं. दुसऱ्याने त्याचं वाचून तेच लिहिलं. तिसऱ्याने दुसऱ्याचं. बघता बघता तो लेख शिक्षण आणि समाजकार्य दोन्हीकडे खोट्या नाण्यासारखा चालू लागला. लेखाला जितके संदर्भ, म्हणजे सायटेशन्स, तितकं त्याचं वजन, त्यामुळे विद्यापीठ खूश. एका दुपारी केक आणला, डीन 'हाय इम्पॅक्ट' वगैरे बोलले, टाळ्या झाल्या. बाई केकचा तुकडा हातात धरून मला हळूच म्हणाल्या, "अगं, यातल्या किती जणांनी वाचलाय, बघायचं का?"

आम्ही बघितलं. वाचलेला माणूस क्वचित सापडे. मग बाईंचे फोन उलट्या दिशेने सुरू झाले. लोक नम्र होते. एकजण तर प्रांजळपणे म्हणाला, "टू बी ऑनेस्ट, मी फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचला होता." बाकीचे 'नो वरीज, पुढच्या वेळी दुरुस्त करू' म्हणायचे. ज्या नियतकालिकात लेख आला होता, त्यांनी कळवलं की मूळ लेखात चूक नसल्यामुळे दुरुस्ती छापता येत नाही. ते खरंच होतं.

मग एक दिवस शाळेकडून कळलं, की बुधवारचा गट बंद करायचं घाटतंय. बैठक होती. बाई आणि मी गेलो. शिक्षण खात्याकडून आलेला अधिकारी आपल्यातलाच निघाला. इथेच, शेजारच्या पॉइंट कुकला वाढलेला, इस्त्रीचा शर्ट, वागायला अगदी गोड. बाईंना बघून उठून उभा राहिला. "प्रोफेसर, इट्स ॲन ऑनर. ॲक्च्युअली, हा डिसिजन तुमच्याच रिसर्चवर बेस्ड आहे."

"मी असं म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"हो, पण लिटरेचरमध्ये सगळे तसंच घेतात ना."

"अरे बाबू, तो लेख मी लिहिला आहे."

"आय नो," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. "पण एका ऑथरचं म्हणणं आणि एवढे सायटेशन्स... मी रिपोर्टमध्ये काय दाखवू?"

बाईंनी लेखाचं शेवटचं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते आदराने फाइलमध्ये घातलं. गट बंद झाला.

शेवटच्या बुधवारी बायकांनी घरून काय काय करून आणलं होतं. नांदेडहून आलेल्या एक आजी होत्या. लेक-जावई दोघं कामाला, नातू सांभाळायला त्यांना आणलेलं. आठवड्यात तेवढीच सकाळ त्या कुणाशी बोलत. त्या बाईंचा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझंच तर ऐकलंय त्यांनी, आजी," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी फोन करणं सोडलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, रागावल्यासुद्धा नाहीत. शिकवायच्या, खोलीत येऊन बसायच्या, घरी जायच्या. वर्षअखेर निवृत्ती घेतली आणि पार उत्तरेला, डार्विनला भाचीकडे राहायला गेल्या. भाची तिथल्या हॉस्पिटलात नर्स. मी फोन केला, की उकाड्याबद्दल बोलायच्या. एकदा मी मूर्खासारखं म्हटलं, की तुमचे सायटेशन्स अजून वाढतायत. "वाढू दे," त्या म्हणाल्या. "त्याला काय खायला लागतं?"

बाई गेल्याचं भाचीने कळवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कुकर लावला. पोरीने विचारलं, "आई, आर यू ओके?" मी हो म्हटलं, आणि खरोखरच मला काही होत नव्हतं. विद्यापीठाची शोकसभा ऑनलाइन झाली. बाईंच्या संशोधनाने सरकारी धोरण घडवलं, असं एकाने सांगितलं. मी कॅमेऱ्यासमोर बसून ऐकलं. राग यायला हवा होता. आला नाही. कितीतरी महिने मी अशीच होते, बधीर, आणि कामाला त्याने काही अडत नव्हतं.

आता मी बाईंच्याच विद्यापीठात शिकवते. या टर्मला अकोल्याच्या एका विद्यार्थिनीने निबंधात तेच वाक्य लिहिलं. गटांची गरज तात्पुरती असते, आणि पुढे बाईंचं नाव.

"लेख वाचलास का?" मी विचारलं.

"मॅम, सगळ्यांनीच कोट केलंय."

मी लेख छापून तिच्या हातात दिला आणि इथेच बसून वाच म्हटलं. ती माझ्यासमोर बसून वाचत राहिली, मी बाकीचे निबंध तपासत राहिले. तिने शेवटचं पान संपवलं आणि लगेच फोनवर नकाशा उघडला.

"मॅम, ही शाळा आमच्या घराच्या जवळच आहे. वहिनी बाळाला घेऊन नुकतीच आलीय. दादा कामावर, मी युनीला. ती दिवसभर भिंतीकडे बघत बसते. बुधवारी किती वाजता असतं हे?"

"बंद झालं ते," मी म्हटलं.

"बंद?" तिने पान पुन्हा उलटून बघितलं. "पण का? इथे तर लिहिलंय, चालू राहिलं पाहिजे म्हणून."

बाई गेल्यापासून न आलेलं रडू मला त्या पोरीसमोर आलं.