घेतले का?

आमच्या दाजींची उंची चार फूट अकरा इंच होती आणि त्यांच्या मोटारसायकलचं वजन एकशे नव्वद किलो. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे दाजींनी कधीही मान्य केलं नाही. स्वतःची उंची ते पाच फूट सांगत. "बुटासकट का?" असं कुणी खवचटपणे विचारलं तर म्हणत, "अनवाणी फिरायचा नवस बोललोय का मी?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निफाडचे द्राक्ष बागायतदार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, शाळेत भूगोल शिकवतो आणि शंभर सीसीची गाडी चालवतो. यातली शेवटची गोष्ट दाजींच्या लेखी लाजिरवाणी होती. आमच्या दारात आले की ते आधी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारत आणि मग गंभीरपणे विचारत, "मास्तर, हिला मच्छरदाणीत झोपवता का?" लिटरला सत्तर किलोमीटर देते, असं मी अभिमानाने सांगितलं तर म्हणत, "उपाशी माणूसबी कमीच खातो. म्हणून त्याला कुणी पैलवान म्हनतं का?"

मीही काही कमी नव्हतो. लहान गाडी गल्लीत वळते, भाजीबाजारात शिरते, बंद पडली तर ढकलता येते, बायकोलाही चालवता येते, असं सगळं मी त्यांना बोटांवर मोजून दाखवत असे. दाजी शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, "मास्तर, तुम्ही गाडीचे गुण सांगताय का जावयाचे?" एकदा मात्र मी फार पुढे गेलो. म्हटलं, "दाजी, खरं सांगू का, तुमच्या मापाला स्कूटरच बरी." तेव्हा ते हसले नाहीत. "लहान माणसानं लहान गाडी घेतली म्हंजे तो दोन्हीकडून लहान," एवढंच म्हणाले आणि चहा संपवून उठले. मी दिवसभर स्वतःला शिव्या घालत होतो.

कारण मला त्यांचं लग्न आठवत होतं. ताई आमच्या घरात सगळ्यात उंच, पाच फूट आठ इंच. मुलगा सालस, बाग चांगली, म्हणून वडिलांनी होकार दिला. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला कुठे त्यांच्या डोक्यावरून बघायचंय?" पण मांडवात पाहुण्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? हार घालायची वेळ आली तसे आमचे दोन्ही मामा ताईला उचलायला पुढे सरसावले. नवऱ्याला हार घालताना दमवायचं, ही आमच्याकडची नेहमीची गंमत. आणि या नवऱ्याला तर ताईला न उचलताच शिडी लागणार होती. मांडवात आधीच खसखस पिकली होती. ताईने मामांचे हात बाजूला केले आणि आपणहून मान खाली घातली. दाजींनी हार घातला. मामा हिरमुसले, फोटोवाला वैतागला. त्या घटकेपासून दाजी ताईवर जे फिदा झाले ते कायमचे.

मोठी गाडी आली लग्नानंतर चौथ्या वर्षी. घ्यायला आम्ही तिघं नाशिकच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या विक्रेत्याने दाजींकडे एक नजर टाकली आणि त्यांना थेट मोपेडकडे नेलं. "सर, ही बघा, हिची सीट खाली आहे." दाजी म्हणाले, "मला गाडीवर बसायचंय, गाडीवरून उतरायचं नाय." मग ते थेट त्या काळ्याभोर धुडावर चढून बसले. मी 'चढून' म्हणतोय ते जाणूनबुजून. विक्रेता हँडल धरून उभा होता. त्याने हात सोडला तशी गाडी डावीकडे कलायला लागली. मी धावणार तेवढ्यात ताई साडी सावरत मागे जाऊन बसली आणि गाडी जागच्या जागी थांबली. "आवडली मला," ताई म्हणाली. ती पाय बघून म्हणाली का गाडी बघून, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी गाडीचा दिवा न्याहाळत होतो.

पुढच्याच आठवड्यात ताईने साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला आणि गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागली. त्या काळात निफाडसारख्या गावात सुनेने असं बसणं म्हणजे बातमी होती. सासूबाईंनी आठ दिवस तोंड फुगवलं. दाजींनी आईला ठणकावून सांगितलं, "ती अशीच बसनार." आमच्याकडे दाजींचं केवढं कौतुक झालं. माझ्या वडिलांनी तर दोन-चार ठिकाणी जाहीर करून टाकलं की जावई सुधारक विचारांचे आहेत. दाजींनीही ते नाकारलं नाही. आयती मिळालेली पदवी कोण सोडतो.

एकटे असले की मात्र दाजींचं गाडी थांबवणं बघण्यासारखं असे. तुम्ही-आम्ही सिग्नल लाल झाला की थांबतो. दाजी पाय ठेवायला काही मिळालं की थांबत. नाशिकचा अख्खा नकाशा त्यांच्या डोक्यात दगडांचा होता. द्वारकेला दुभाजकाची फुटलेली कड, अशोकस्तंभाजवळ पानटपरीपुढचा काळा दगड, जेहान सर्कलला एका झाडाचा कट्टा. मी इतकी वर्षं भूगोल शिकवतोय, पण इतका उपयोगाचा नकाशा मी फळ्यावर एकदाही काढला नाही. रस्त्याच्या कामात तो पानटपरीपुढचा दगड कुणीतरी उचलून नेला. दाजी सवयीने तिथे थांबले, पाय ठेवायला गेले आणि गाडीसकट आडवे झाले. लोक धावले. दाजी उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "काय नाय, खालून तेल गळतंय का बघत व्हतो."

ताई मागे असली की यातलं काही होत नसे. मग ते कुठेही थांबत, भर चौकात, मोकळ्या रस्त्यावर, अगदी ऐटीत. मला वाटायचं, बायकोच्या धाकाने माणूस नीट गाडी चालवतो. आणखी एक सवय होती त्यांची. थांबलेली गाडी सुरू करण्याआधी ते मान न वळवता विचारत, "घेतले का?" ताई म्हणे, "घेतले." की निघाले. आमच्या दारातून निघताना, सिग्नलला, पेट्रोल पंपावर, सगळीकडे हेच. माझी पक्की समजूत होती की ते डब्यांबद्दल विचारतात. आमची आई लेकीला काही ना काही डब्यात भरून देत असे. मग मीही भक्तिभावाने पिशवीत डोकावून सांगत असे, "घेतले दाजी, दोन्ही डबे आहेत." दोघंही माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तब्बल नऊ वर्षं मी त्या माणसाला डब्यांचा हिशोब देत होतो.

उलगडा झाला तो निफाडबाहेरच्या रेल्वे फाटकात. आम्ही एका बारशाला निघालो होतो. ते दोघं पुढे, मी माझ्या मच्छरावर मागे. फाटक पडलेलं होतं. मी सहज खाली पाहिलं. दाजींचे दोन्ही पाय फूटरेस्टवर, राजासारखे. आणि ताईचे दोन्ही पाय, चपलांसकट, जमिनीवर. तेवढं धूड, वर दाजी, आणि सगळा भार माझ्या बहिणीच्या दोन पायांवर. रेल्वे गेली, फाटक उघडलं. दाजी म्हणाले, "घेतले का?" ताईने पाय उचलून वर घेतले आणि म्हणाली, "घेतले." मला इतकं हसू आलं की माझी गाडी बंद पडली आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्या आईची आठवण काढली.

गप्प बसावं एवढा मी चांगला माणूस नाही. बारशाच्या जेवणावळीत, तीस-चाळीस पाहुण्यांसमोर, मी सगळं साभिनय सांगून टाकलं. हशा उसळला. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला घास परत पानात ठेवला. दाजी भात कालवत होते. त्यांनी हात थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरं हे मास्तरचं. गाडी माझी, पन स्टँड हिचा." आणि पुन्हा भात कालवायला लागले. पंगतीत पुन्हा हशा झाला, पण तो आता दाजींच्या बाजूने होता. मी चिडवायला गेलो आणि तोंडावर आपटलो.

त्यानंतर बरीच वर्षं गाडी अशीच चालली. मग ताईचे गुडघे दुखायला लागले. दाजी तिला नाशिकला घेऊन आले, आमच्याच रस्त्यावरच्या एका डॉक्टरांकडे. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे लावून दाखवला, म्हणाले, झीज आहे, वयामुळे होते, व्यायाम सांगतो. ताई उठायला लागली तर दाजी खुर्चीतून हलेनात. "डॉक्टर, गाडी धरल्यानं व्हतं का असं?"

"कुठली गाडी?"

"एकशे नव्वद किलोची. आन वर मी. हिनं वीस वर्षं धरलीय." 

डॉक्टरांना वाटलं चेष्टा चालली आहे. ते हसले. "तसं काही नसतं हो. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांचेही गुडघे जातात." ताई म्हणाली, "ऐकलं ना? चला आता." दाजींनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा काही ऐकल्यासारखा नव्हता.

खाली आल्यावर ते गाडीपाशी गेले, सीटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग किल्ली माझ्या हातात दिली. "मास्तर, तुमचे पाय पुरत्यात. तुमी न्या." मला वाटलं घरापर्यंत न्या म्हणतात. त्यांनी रिक्षाला हात केला, ताईला बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. ती गाडी आजही माझ्याच दारात आहे.

पुढच्या आठवड्यात निफाडच्या घरापुढे स्कूटर आली. पांढरी, गॅसच्या शेगडीएवढी. गावात चार लोकांनी विचारलंच, मोठी गाडी कुठे गेली? दाजी सांगत, "मामाकडं गेली सुट्टीला. तिथंच रमली." मी भेटायला गेलो तेव्हा ते स्कूटरवर बसून दाखवत होते. दोन्ही पाय जमिनीवर, चांगले टाचेपर्यंत टेकलेले. मी विचारलं, "कसं वाटतंय?" पायांकडे बघत म्हणाले, "जमीन लागती पायाला. लय विचित्र वाटतं, मास्तर."

मी यावर एखादा विनोद करणार होतो. इतक्या वर्षांचा हिशोब चुकता करायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण माझ्याच्याने बोलवलं नाही. लहान माणसाने लहान गाडी घेतली होती, आणि तो मला मांडवातल्या त्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा वाटत होता. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. ते मला फार आवडायचे, हेही सांगायचं राहिलं. आम्ही दोघं गाड्यांबद्दलच बोलत राहिलो.

दोन वर्षांनी, ऐन द्राक्षं खुडायच्या दिवसांत, सकाळी बागेतून येऊन चहा पिता पिता दाजी गेले. छातीत कळ आली, बस. खुर्ची बुटकी होती, त्यांनीच तिचे पाय कापून घेतले होते. दाजींचे पाय जमिनीवर व्यवस्थित टेकलेले होते, असं ताई मला फोनवर सांगत होती, आणि मला ती असं का सांगते आहे ते कळत होतं.

तेरावं झालं. दोन दिवसांनी ताईला तहसील कचेरीत सह्यांसाठी जायचं होतं. मी दाजींची स्कूटर काढली. ताई मागे बसली, नेहमीसारखी, दोन्हीकडे पाय टाकून. फाटक पडलेलं होतं, तेच. मी थांबलो, दोन्ही पाय टेकवले. माझी उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. तरी मला जाणवलं की गाडी जरा जास्तच घट्ट उभी आहे. खाली पाहिलं. माझ्या बुटांच्या मागे ताईच्या चपला, दोन्हीकडे एकेक, जमिनीवर.

"ताई," मी म्हटलं, "माझे पाय टेकतात गं."

"मग टेकू दे की," ती म्हणाली. "या गाडीवर त्यांचेपण टेकायचे. दोन वर्षं टेकत होते. पण तू पाय वर घे, असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत."

रेल्वे गेली. फाटक उघडलं. पुढच्या गाड्या हलल्या, मागचा टेम्पो हॉर्न मारायला लागला. ताईचे पाय खालीच. मी वळून बघणार होतो की हिला रडू फुटलंय का काय. मग माझ्या लक्षात आलं, ती कशासाठी थांबली आहे.

मान न वळवता मी विचारलं, "घेतले का?"

टेम्पोवाल्याने आणखी दोनदा हॉर्न दिला. मी गाडी धरून बसलो.

"घेतले," ताई म्हणाली.