स्लिव्कोवोच्या बसचं शोकपत्रक

वेलिकाबाई गोष्ट सांगायला लागल्या की स्लिव्कोवो गावातल्या माणसांना घरची कामं आठवत. बस उशिरा का आली हे सांगता सांगता त्या ड्रायव्हरच्या सासूच्या गुडघ्यांवर पोचत, तिथून सासूच्या बोकडावर, आणि बस बिचारी घाटातच राहून जाई. टोमॅटोच्या कारखान्यात यंत्रांवर आवाज चढवून बोलण्यात त्यांची उभी हयात गेली होती. यंत्रं कधीच बंद पडली, बाई काही बंद पडल्या नाहीत.

त्यांचं शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण रुमेना. पक्षाघाताच्या झटक्यात तिचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून ती शहरातल्या वृद्धाश्रमात होती. दर गुरुवारी बाई बसने जात, तिला भरवत, तिचे केस विंचरत आणि आठवड्याच्या सगळ्या भानगडी तिच्या कानावर घालत. रुमेना सकाळपासून खिडकीशी वाट बघत बसलेली असे. आता ती बसच पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. प्रवासी नाहीत म्हणे! आणि फोन करावा, तर रुमेना बोलणार काय?

म्हणून राजधानी सोफियाहून कालिना नावाची मुलगी गावच्या वाचनगृहात शिकवायला आली, तेव्हा बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. गोष्ट सांगून गावाची कामं कशी करून घ्यायची, हे ती शिकवणार होती.

शेजारच्या गांचोने कुंपणावरूनच टोमणा हाणला. "वेलिके, गप्प बसायचा वर्ग असेल तर जा हो! पैसे मी भरतो."

कालिनाने मात्र बोकडासकट सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी सांगतेय की!"

"तसं नव्हे. बस गेली तर तुमचं काय जातं?"

रुमेनाचं नाव ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी घाईघाईने पुन्हा बोकड पुढे केला.

कालिनाने हट्ट धरला नाही. तिने सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. गावातली माणसं जिथे आपोआप थांबतात, तिथे आपली गोष्ट ठेवायची.

स्लिव्कोवोत माणसं थांबतात ती खांबावरच्या शोकपत्रकांपुढे. कोण गेलं हे बघितल्याशिवाय इथे कुणी पावही आणायला जात नाही. बाईंनी काळ्या चौकटीत लिहिलं, 'दीर्घ हेळसांडीनंतर आपली लाडकी गुरुवारची बस आपल्याला सोडून चालली आहे.' पत्रकाला फोटो तर हवाच. बसचा फोटो त्यांच्याकडे एकच होता. त्यात पुढे ऐसपैस बाई, आणि मागे बसचा एक आरसा. त्यांनी तोच लावला आणि संध्याकाळी गावभर पत्रकं चिकटवून आल्या.

सकाळी दार वाजलं. दारात गांचो. दाढी केलेला, काळ्या कोटातला, आणि हातात चार फुलं. इथे जिवंत माणसाला फुलं विषम नेतात, सम संख्या मेलेल्यांची. बाईंना बघून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

"तू... तू दार उघडलंस?"

"मग कोण उघडणार? घरात दुसरं आहे कोण?"

"अगं, खांबाखांबावर तुझं पत्रक आहे!"

"वाचलंस तरी का?"

"फोटो बघितला. मेलेल्या माणसाबद्दल वाचायचं काय? सगळे चांगलेच होते असं लिहितात."

त्याच्या मागून त्याची बायको आली, मयताला वाटतात ते उकडलेले गोड गहू घेऊन. मग अर्धं गाव आलं. निवडणूक जवळ आलेली, म्हणून शहरातून उपमहापौर त्सोनेवसुद्धा हार घेऊन हजर! मागे बस वाचवण्याच्या सभेला तीन टाळकी जमली होती, आज अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई पोट धरधरून हसल्या. तेवढ्यात कालिना धावत आली, रडून रडून डोळे सुजलेली. त्यांना बघताच तिने गच्च मिठी मारली, आणि बाईंचं हसू थांबलं.

"बाई, ही काय थट्टा मांडलीत?" त्सोनेव गव्हाचा चमचा हातात धरून चिडले.

"थट्टा नाही, साहेब. फोटो बघितलात आणि मला मारून मोकळे झालात. पण दार वाजवलंत, मी उघडलं, जिवंत निघाले. माझी रुमेना तिकडे खिडकीशी बसते. तिला बोलता येत नाही, कुणाला विचारता येत नाही. गुरुवारी बस आली नाही की तीही हेच समजेल. तिने कुणाचं दार वाजवायचं?"

एवढंच बोलून बाई थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा. अंगणात कुणालाही घरचं काम आठवलं नाही. गांचो हातातल्या फुलांकडे बघत राहिला.

त्सोनेवांनी चमचा खाली ठेवला. "गुरुवारची बस राहील," ते म्हणाले.

"सगळ्यांनी ऐकलंय हं साहेब," गांचो म्हणाला. "नाही राहिली, तर पुढचं पत्रक तुमच्या फोटोचं!"

बंद होणार होती त्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी बस आली. प्रवासी नाहीत असं पुन्हा कुणी म्हणायला नको, म्हणून बाईंच्या मागोमाग सगळी गल्ली चढली. वृद्धाश्रमासमोर बस थांबली. रुमेनाने खिडकीतून बघितलं, बहिणीमागून माणसं उतरतच होती. तिने आपला धड हात उचलला आणि काचेवर थापांमागून थापा मारल्या. वेलिकाबाई भर रस्त्यात उभ्या राहून रडल्या, आणि त्यांना कुणी बाजूला व्हा म्हटलं नाही.