रोजचं भांडण

कुटुंब-समुपदेशनाचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या संशोधनासाठी मी घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरायचे. त्यात धानोऱ्याचे एक आजोबा दोनदा भेटले. पहिल्या भेटीच्या वेळी ते एकाच घरात राहून तीन वर्षं मुलाशी बोलत नव्हते. शेतात ऊस लावायचा की पपई, यावरून बिनसलेलं. काही सांगायचंच झालं तर आजोबा गोठ्यात जाऊन म्हशीला सांगत, "तुन्हा मालकले सांग, मोटर बंद कर." मुलगाही म्हशीलाच उत्तर देई. 'आठवड्यात भांडणं किती?' या प्रश्नापुढे मी शून्य लिहिलं.

समुपदेशनाच्या बैठका संपल्यावर मी पुन्हा गेले. आजोबा तंबाखू थुंकून आले, टोपी नीट केली आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

"आठवड्यात भांडणं किती होतात?"

"रोज," ते अभिमानाने म्हणाले. "सकाय-संध्याकाय."

मी चपापले. "म्हणजे फरक पडला नाही?"

"ताई, पहिले बोलतच नव्हतूत, मंग भांडण कसं व्हई?"

आधीचं शून्य लिहिताना ते घर मला किती शांत वाटलं होतं! मी समासात बारीक अक्षरात खुलासा लिहायला लागले. तेवढ्यात आतून मुलगा ओरडला, "आबा, चहा थंडा व्हई ऱ्हायना! कितला डाव सांगू?"

"ई ऱ्हायनू ना! डोकं खाऊ नको!" आजोबा त्याच्या वरताण ओरडले. मग माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "हाई आजनं तिसरं. लिखी ल्या."